इयरबुकाची दरखास्त

घर बांधावे की भाड्याच्या बिऱ्हाडातच आयुष्य काढावे, मुलीसाठी स्थळ इंदुरातले पाहावे की पुण्याचे, आणि वाडवडिलांकडून आलेली उज्जैनकडील दोन बिघे जमीन विकावी की तिच्यावरून भावाभावांनी आणखी एक पिढी भांडत राहावे, असे जे गहन प्रश्न आमच्या घराण्यापुढे वेळोवेळी उपस्थित झाले, त्यांपैकी एकाचाही निकाल लागण्यास गेल्या फाल्गुनातील प्रश्नाइतका काळ, इतकी शब्दसंपत्ती आणि इतका चहा खर्ची पडल्याचे मला स्मरत नाही. तो प्रश्न असा की, पहिलीत शिकणाऱ्या नातवासाठी आणि 'केजी टू' नामक इयत्तेत शिकणाऱ्या नातीसाठी त्यांच्या शाळेने काढलेले इयरबुक विकत घ्यावे किंवा कसे.

शाळेचे पत्रक मोबाइलवर आले. आमच्या काळी शाळेची सूचना विद्यार्थ्याच्या खिशातून घरी यावयाची, आणि वाटेत गोट्या, बोरे व चिंचोके यांच्या सहवासात तिची अशी काही अवस्था होई की घरी पोहोचणाऱ्या सूचना फारच थोड्या असत; त्यामुळे पालक आणि शाळा यांचे संबंध कायम सलोख्याचे राहत. मोबाइलने ही सोय नाहीशी केली. पत्रकात असे कळविले होते की, वर्षभरातील आनंदाचे क्षण जतन करणारे, गुळगुळीत कागदावर छापलेले, पुठ्ठ्याच्या बांधणीचे पुस्तक शाळा प्रसिद्ध करीत आहे, एका प्रतीची किंमत साडेआठशे रुपये आहे, दोन भावंडे असल्यास दुसऱ्या प्रतीवर दहा टक्के सूट आहे, आणि पुस्तक घेणे न घेणे सर्वस्वी पालकांच्या मर्जीवर आहे. माझी उभी हयात सरकारी दफ्तरखान्यात गेली असल्यामुळे मर्जीवर सोपवलेल्या बाबींचा मला पुष्कळ अनुभव आहे. सात डिसेंबरच्या ध्वजदिनाचे तिकीट घेणे हेही कर्मचाऱ्यांच्या मर्जीवरच असे. फक्त ते न घेणाऱ्यांची नावे घेणाऱ्यांच्या यादीखाली लाल शाईने लिहून ती यादी साहेबांच्या मेजावर ठेवली जाई.

इयरबुकाच्या बाबतीत ही कामगिरी मातांनी स्वतःहून अंगावर घेतली. वर्गातील मातांचा जो व्हॉट्सअ‍ॅप समूह आहे, त्यात त्याच संध्याकाळी एका उत्साही मातेने पुस्तक घेणाऱ्या मुलांची यादी सुरू केली, आणि प्रत्येक मातेने मागील यादी उतरून घेऊन, तळाशी आपल्या अपत्याचे नाव जोडून, ती पुन्हा समूहात धाडावी अशी वहिवाट पडली. दसऱ्याच्या दरबारात नजराणा रुजू करणाऱ्या होळकरशाही सरदारांची यादीही इतक्या चढाओढीने वाढली नसेल. रात्रीच्या जेवणापर्यंत ती यादी अर्ध्याहून अधिक वर्गापर्यंत पोहोचली होती, आणि आमच्या नातवाचे नाव तीत नाही ही गोष्ट सर्वांआधी ध्यानात आली ती माझ्या सौभाग्यवतीच्या, जी त्या समूहाची सभासद नाही.

वस्तुतः इयरबुक ही चीज कोणी, कोणासाठी आणि कशासाठी काढली, याचा विचार खरेदीपूर्वी व्हावयास हवा होता. परंतु तो करण्याची फुरसत घरात माझ्याखेरीज कोणास नव्हती. अमेरिकेतील येल विद्यापीठातून १८०६ साली जे तरुण पदवीधर होऊन बाहेर पडले, त्यांच्यापैकी काहींच्या छायाकृतींचा एक संग्रह त्या वेळी सिद्ध झाला, आणि या जातीच्या पुस्तकांचे मूळपुरुषत्व बहुधा त्यालाच दिले जाते. पुढे छायाचित्रणाची कला आली, आणि काचेच्या एका निगेटिव्हवरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या, तेव्हा बॉस्टनच्या वॉरन नामक छायाचित्रकाराने महाविद्यालयीन तरुणांच्या तसबिरी काढून त्यांचे संग्रह बांधण्याचा व्यवसायच मांडला. यात एक करुण पण न्याय्य हेतू होता. ते तरुण खरोखरीच एकमेकांना सोडून निघाले होते. कोणी धर्मोपदेशक होऊन दूरच्या प्रांतात जाणार होता, कोणी पश्चिमेच्या अरण्यात, आणि गेलेला सहाध्यायी पुन्हा दृष्टीस पडेलच असा भरवसा त्या काळच्या प्रवासात नव्हता. 'केजी टू'तील आमची नात आणि तिचे सवंगडी हे मात्र दीड महिन्याची उन्हाळ्याची सुटी उपभोगून त्याच इमारतीच्या त्याच मजल्यावर, समोरच्या वर्गात, त्याच रंगाच्या डब्यांसह पुनश्च एकत्र येणार होते. त्यांची ताटातूट व्हरांड्याच्या रुंदीएवढी होती.

तरीही, आपली छबी उतरवून ती कायम दप्तरी ठेवावी, ही हौस आमच्या इंदुरास नवी आहे असे कोणी समजू नये. ज्यांना पुढे राजा दीनदयाळ म्हणून सारा हिंदुस्थान ओळखू लागला, ते लाला दीनदयाळ इंदुरास १८६६ साली आले ते बांधकाम खात्यातील नकाशे आणि अंदाजपत्रके करणारे कारकून म्हणून. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला, तो याच गावी. आणि ज्यांच्या नावाने आजचे डेली कॉलेज ओळखले जाते, त्या सर हेन्री डेली या गव्हर्नर जनरलच्या एजंटसाहेबांनी त्यांना उत्तेजन दिले. डेलींच्या मागून आलेल्या सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत त्यांनी मध्य हिंदुस्थानातील किल्ले-मंदिरे पालथी घातली, आणि त्या चित्रांचा ग्रंथ १८८६ साली निघाला. त्या प्रारंभीच्या काळी एक चित्र उतरवणे म्हणजे काय दिव्य होते! काचेला रसायन फासावयाचे, ते ओले आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे, आणि ओले आहे तोवरच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवावयाचे. तोपर्यंत समोरचे संस्थानिक, त्यांचा हत्ती आणि हत्तीवरील माहूत या तिघांनीही श्वास रोखून निश्चल राहावयाचे. यात हत्तीकडून तक्रार आल्याची नोंद मला कोठे आढळलेली नाही. 'केजी टू'च्या छायाचित्राच्या दिवशी मात्र, कॅमेरा निमिषार्धात कार्यभाग उरकणारा असूनही, शाळेला तीन शिक्षिका, दोन आया आणि एक खुळखुळा एवढा सरंजाम लागतो, आणि तरीही प्रत्येक चित्रात एकतरी बालक चौकटीबाहेर जाताना पाठमोरे दिसते.

आता राजेरजवाड्यांचे आणि आमच्या नातीचे साम्य एवढ्यावरच संपत नाही. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांना आपली चित्रे काढून घेण्याची उच्च प्रतीची अभिरुची होती. पॅरिसच्या मॅन रे या जगद्विख्यात कलावंताने त्यांची आणि महाराणी संयोगिताबाईंची छायाचित्रे घेतली, आणि बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने महाराजांची दोन तैलचित्रे रंगवली, त्यांपैकी एकात महाराज पाश्चात्त्य मेजवानीच्या पोशाखात आहेत आणि दुसऱ्यात अस्सल मराठेशाही वेषात. बरोबर हीच दोन चित्रे शाळेने आमच्या नातीचीही काढली: एक 'ट्रॅडिशनल डे'चे, ज्यात ती नऊवारी नेसून नथीमुळे शिंकत आहे, आणि दुसरे 'ग्रॅज्युएशन डे'चे, ज्यात ती काळा झगा आणि चौकोनी टोपी परिधान करून गुंडाळी केलेले पदवीपत्र हाती धरून उभी आहे. इंदुरात विद्यापीठ स्थापन झाले १९६४ साली; तत्पूर्वी होळकर कॉलेजातून उत्तीर्ण होणाऱ्यांना पदवी परगावच्या विद्यापीठाची घ्यावी लागे, आणि माझ्या एका काकांनी तर तो झगा भाड्याने आणून, त्यात फोटो काढून, सूर्यास्तापूर्वी परत केला होता. त्या झग्यातील काका आमच्या बैठकीत पन्नास वर्षे भिंतीवरून खाली पाहत राहिले. नातीने तो सन्मान अक्षरओळख आणि वीसपर्यंतचे आकडे एवढ्या विद्येवर प्राप्त केला. टोपी डोळ्यांवर आल्यामुळे पदवी कोणाच्या हस्ते मिळाली हे मात्र तिला सांगता येत नाही.

माझ्या शालेय जीवनाचा पुरावा इतका भक्कम नाही. आमच्या वेळी वर्षाकाठी वर्गाचा एक समूहफोटो निघे. मध्यभागी खुर्च्यांवर शिक्षकवर्ग, प्रत्येकाचे दोन्ही हात गुडघ्यांवर. मागे बाकांवर चढलेल्या मुलांच्या रांगा. पुढे सतरंजीवर मांडी घातलेली दोन मुले, त्यांच्यापैकी एकाच्या हाती इयत्ता आणि साल लिहिलेली पाटी. आणि उजव्या टोकाला, फोटोत यावयाचे नाही असे बजावलेले असूनही आलेला, घंटेचा टोल हाती धरलेला शिपाई. ज्यास प्रत हवी त्याने पैसे भरावेत असा दंडक होता. माझ्या वडिलांनी नमुन्याची प्रत उजेडाकडे धरून पाहिली आणि विचारले, "यात तू कुठे आहेस?" मी तिसऱ्या रांगेतील आमच्या मॉनिटरच्या खांद्यामागून डोकावणारा एक कान दाखवला. वडिलांनी तो कान चष्मा पुसून पुन्हा एकवार न्याहाळला, आणि एवढ्याशा अवयवासाठी संपूर्ण फोटोची किंमत मोजणे हे सचोटीच्या व्यवहारात बसत नाही, असा निर्णय देऊन प्रत परत केली. त्यानंतर आमच्या घरी हा विषय निघाला नाही.

समूहफोटोखेरीज शाळेचे एक हस्तलिखित असे. सुवाच्य अक्षराच्या मुलांनी ते लिहावयाचे, चित्रकलेच्या मास्तरांनी प्रत्येक पानाला वेलबुट्टीची चौकट काढावयाची, मुख्याध्यापकांनी आरंभी 'दोन शब्द' या मथळ्याखाली चार पाने घ्यावयाची, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते त्याचे प्रकाशन झाले की ते कपाटात कुलूपबंद व्हावयाचे. त्याची जगात एकच प्रत असल्यामुळे ती विकत घ्यावी काय, हा प्रश्न कोणाही पालकाच्या सुखी संसारात बिब्बा घालण्यास आला नाही. राहता राहिले प्रगतिपुस्तक. विद्यार्थ्याविषयी शाळेने प्रसिद्ध केलेला तो एकमेव ग्रंथ. तो विनामूल्य मिळे, आणि त्यात जे लिहिलेले असे ते खरे असे. माझ्या एका प्रगतिपुस्तकात वर्गशिक्षकांचा शेरा आहे, "हुशार नाही, परंतु तसे वाटते." माझ्याविषयी याहून अचूक लेखन त्यानंतरच्या साऱ्या गोपनीय अहवालांतही झालेले नाही.

निर्णयापूर्वी नमुना पाहावा म्हणून शेजाऱ्यांकडून त्यांच्या मुलाचे मागील वर्षीचे इयरबुक मागवले, आणि भिंग घेऊन त्याचा रीतसर पंचनामा केला. प्रथम पृष्ठावर संस्थेचे दिवंगत संस्थापक. पुढे विद्यमान अध्यक्ष, मग त्यांच्या सौभाग्यवती, ज्या संचालिका आहेत, मग त्यांचे चिरंजीव, जे उपसंचालक आहेत, मग प्राचार्या. प्रत्येकाचे पानभर चित्र आणि बालके ही उद्याच्या राष्ट्राचे आधारस्तंभ आहेत अशा आशयाचा संदेश. तदनंतर शाळेची इमारत पुढून, मागून आणि आकाशातून, बसगाड्यांचा ताफा, आणि पोहण्याचा तलाव, ज्यात एकही बालक नाही. पहिले बालक बऱ्याच पानांनंतर लागले, तेही प्रमुख पाहुण्यांना पुष्पगुच्छ देताना, अर्थात पुष्पगुच्छाच्या मागे. वर्गवार पाने पुस्तकाच्या उत्तरार्धात होती. तेथे प्रत्येक बालकाची महसुली तिकिटाएवढी छबी, तिच्याखाली नाव, आवडीनिवडी, आणि शाळेने बहाल केलेला एक किताब.

या किताबांनी मी थक्क झालो. वर्गातील एकही मूल त्यातून सुटले नव्हते. कोणी 'लिटल आइन्स्टाइन', कोणी 'सुपरस्टार', कोणी 'मिस सनशाइन'; आणि ज्याच्याविषयी काहीच सुचले नाही त्याला 'रेग्युलर अँड पंक्च्युअल'. शेजाऱ्यांचे चिरंजीव 'मिस्टर कॉन्फिडंट' होते. पुस्तक आणावयास मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते सोफ्यामागे दडून बसले होते, आणि लाडू दाखवूनही बाहेर आले नाहीत. दीनदयाळांना छायाचित्रणातील असामान्य कर्तृत्वाबद्दल निजामाने 'मुसव्विर जंग' हा किताब दिला, त्यासाठी त्यांना अर्धा हिंदुस्थान काचा आणि रसायने घेऊन हिंडावे लागले होते. मी हे सूनबाईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आता तसं चालत नाही. एकाला दिलं नाही तर त्याची आई भेटायला येते." दरबारी किताबांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे कारण अवश्य तपासून पाहावे.

पुस्तक घ्या वा न घ्या, माहितीचा तक्ता मात्र सर्वांनीच भरून द्यावयाचा होता. आणि खरा तंटा त्या तक्त्यावरून उद्भवला. मुलाने उत्तरे सांगावीत आणि पालकांनी ती लिहावीत, अशी त्यात स्पष्ट तरतूद होती. नातवाची जबानी मी स्वतः समक्ष ऐकली आहे. आवडता पदार्थ कोणता, तर पोहे, पण वर शेव भरपूर आणि जिरावण मसाला वेगळा. आवडता मित्र कोण, तर त्याच्याशी सध्या कट्टी आहे, तरी तोच. मोठेपणी काय होणार, या प्रश्नाला त्याने क्षणाचाही विलंब न लावता, मातृभाषेत नव्हे तर मैदानावरच्या भाषेत, सांगितले, "कचरा गाड़ी चलाऊँगा।"

ज्याने इंदूर पाहिलेले नाही त्याला यात बालिशपणा दिसेल. परंतु २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक पटकावल्यापासून आणि तो वर्षानुवर्षे न सोडल्यापासून, या नगरीत महानगरपालिकेच्या कचरागाडीला जे स्थान प्राप्त झाले आहे ते पूर्वी महाराजांच्या स्वारीला असे. सकाळी गाडी गाणे वाजवीत गल्लीत शिरते, आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून माणसे, वेणी अर्धी घातलेली असो की दाढी अर्धी झालेली असो, ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेऊन धावत बाहेर येतात. आपली आई दुसऱ्या कोणासाठी धावताना नातवाने पाहिलेली नाही. वडिलांसाठी तर नाहीच. शिवाय ओल्यात सुका मिसळलेला आढळला तर गाडीवरचा माणूस बादली परत करतो आणि चार शब्द सुनावतो, आणि एकदा त्याने ते प्रत्यक्ष आजीला सुनावले होते, जिला उभ्या कुळात कोणी उलटून बोललेले नाही. संगीत, वाहन आणि निरंकुश सत्ता, ही तिन्ही एका आसनावर एकवटलेली दुसरी कोणती नोकरी सहा वर्षांच्या सूज्ञ मनुष्याने निवडावी?

सूनबाईने तक्त्यात 'स्पेस सायंटिस्ट' असे लिहिले. पोह्यांच्या जागी 'फ्रूट सॅलड' आले.

मी हरकत घेतली. जबानी देणाऱ्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत नोंदवावे, त्यात लेखकाने पदरचे काही घालू नये, खाडाखोड झाल्यास तेथे सही करावी, ही दफ्तराची बाराखडी आहे. सूनबाई सुशील आहे, तिने मान खाली घालून ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या दफ्तरात कुणी बघत नव्हतं. हे सगळ्यांच्या घरी जाणार आहे." माझ्या आयुष्यातील कार्याचे इतके संक्षिप्त मूल्यमापन मी प्रथमच ऐकले.

मुख्य दरखास्तीवर विचार करण्यासाठी रविवारी सकाळी, पोहे-जिलबीनंतर, कुटुंबाची बैठक भरली. चिरंजीव बँकेत असल्यामुळे विरोधी पक्ष त्यांच्याकडे आपोआपच गेला. त्यांचे म्हणणे असे की, मुलांचे इतके फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये आहेत की मोबाइल त्यामुळे जेवण झालेल्या माणसासारखा सुस्तावला आहे, मग आणखी एका तिकिटाएवढ्या छबीसाठी साडेआठशे रुपये का मोजावेत? यावर सौभाग्यवतीने शांतपणे विचारले, "परवा यशवंतसागरावर तुझा फोन पाण्यात पडला, त्यात याचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो होते ना?" चिरंजीव म्हणाले की ते 'क्लाउड'वर असतील. सौभाग्यवतीने खिडकीतून वर पाहिले. फाल्गुनाचे आभाळ निरभ्र होते. तिची सूचना तीन प्रतींची होती: एक घरी, एक पुण्याला वन्संकडे, आणि एक तिसरी, जी कशासाठी हे तिने सांगितले नाही, परंतु लग्न ठरवताना दाखवण्याचे साहित्य ती आतापासून जमवीत आहे, असा माझा तर्क आहे.

ज्याच्यासाठी पुस्तक घ्यावयाचे त्याचाही अभिप्राय घ्यावा, असे मी सुचवले. नातवाला बोलावून त्याच्या मित्राचे चित्र असलेले मागील वर्षीचे पान दाखवले आणि असे पुस्तक हवे का, म्हणून विचारले. त्याने त्या छबीकडे विशेष उत्सुकता न दाखवता पाहिले. "याला तर मी रोजच बघतो," तो म्हणाला, आणि आठशे पन्नास रुपयांत छप्पन दुकानवर किती हॉटडॉग येतील हे वडिलांना विचारू लागला. नात एवढेच म्हणाली की टोपी छापू नका.

सभेने माझे मत विचारले तेव्हा मी पुस्तक घ्यावे असे सांगितले, आणि त्याने सर्वांस नवल वाटले. माझे कारण मात्र वेगळे होते. दफ्तरखान्यात जुनी कागदपत्रे चाळताना मी एक गोष्ट पाहिली आहे: ज्या खलित्यांवर सोनेरी वर्ख शिंपडला, जे रेशमी थैलीत घालून जपले, त्यांत मायन्याखेरीज बहुधा काही नसते, आणि जे कोणी जपावयाचे ठरवले नव्हते ते, म्हणजे मुदपाकखान्याचे हिशेब, पागेतल्या चंदीच्या याद्या, आजारी हत्तीला दिलेल्या औषधाची नोंद, ते वाचावयास अभ्यासक दूरदेशांहून येतात. दीनदयाळांच्या चित्रांतील राजवाड्याकडे आज मी पाहत नाही. राजवाड्यासमोर टांगा थांबवून कॅमेऱ्याकडे बघत राहिलेला जो इसम आहे, त्याने डोक्याला काय गुंडाळले आहे ते मी पाहतो. माझ्या समूहफोटोची प्रत अलीकडे एका वर्गमित्राच्या घरी पाहिली, तेव्हा गुडघ्यांवर हात ठेवलेल्या शिक्षकांवरून माझी नजर घसरली आणि त्या आगंतुक शिपायावर खिळली. त्याच्या पायात चपला नव्हत्या, आणि हे मला शाळेत असताना कधी दिसले नव्हते. इयरबुकातील संदेश, किताब आणि 'स्पेस सायंटिस्ट' यांच्यासाठी मी एक रुपयाही दिला नसता. परंतु पुष्पगुच्छ देतानाच्या चित्रात मागे एक आया जांभई देत आहे, क्रीडादिनाच्या चित्रात धावत सुटलेल्या मुलांपैकी एकटा उलट दिशेने निघाला आहे, आणि बसच्या खिडकीतून कोणी जीभ बाहेर काढली आहे. प्रकाशकाच्या नजरेतून निसटलेल्या या ऐवजापुरती किंमत मोजण्यास हरकत नाही, असे मी निवेदन केले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, जांभईचे साडेआठशे?" परंतु बहुमत झाले होते. दोन प्रती सवलतीसह मंजूर झाल्या, पुण्याच्या वन्संसाठी तिसरी सौभाग्यवतीने आपल्या खाजगीतून घेतली, आणि सूनबाईने यादीच्या तळाशी दोन्ही नावे जोडली तेव्हा यादीत दोनच मुले बाकी होती, ज्यांच्या मातांविषयी समूहात मोठ्या सहानुभूतीने बोलले जात होते.

पुस्तके जूनमध्ये आली. आमच्या आडनावातील ळकाराचा हिंदी मुलखात लकार होतो, तो झाला होता. त्याची सवय मध्य प्रदेशात आल्यापासून, म्हणजे १९५६ पासून आहे. नातीची टोपी छापली होती. परंतु पहिलीच्या पानावर एक अपूर्व गोष्ट घडली होती. छपाईच्या वेळी माहितीचा रकाना कोठेतरी एका ओळीने खाली सरकला असावा, आणि त्यामुळे अख्ख्या वर्गात प्रत्येकाला आपल्या आधीच्या हजेरी क्रमांकाच्या मुलाच्या आवडीनिवडी आणि भवितव्य प्राप्त झाले होते. आमच्या आधीच्या क्रमांकाच्या मुलाचे मातापिता सत्यवचनी निघाले. त्यांनी मुलाची जबानी होती तशी लिहून धाडली होती. तेव्हा आमच्या नातवाच्या छबीखाली, उत्तम टाइपात, छापून आले की आवडता पदार्थ शेव घातलेले पोहे, आणि मोठेपणी होणार 'गार्बेज ट्रक ड्रायव्हर'. आमचे फ्रूट सॅलड आणि 'स्पेस सायंटिस्ट' पुढच्या क्रमांकाच्या मुलाकडे गेले, आणि त्याचे आजोबा ती बातमी नेहरू पार्कात सकाळी फिरावयास येणाऱ्यांना सांगत असतात.

नातवाने एकेक अक्षर लावून आपला मजकूर वाचला. त्याला त्यात आश्चर्य करण्यासारखे काही दिसले नाही. त्याने तसे सांगितलेच होते.

सूनबाईने त्याच दिवशी शाळेला दुरुस्तीचा अर्ज देण्याचे ठरवले, आणि अर्जाची भाषा घरात मला येते म्हणून मसुदा माझ्याकडे सोपवला. मसुदा तयार आहे. फक्त दुसऱ्या परिच्छेदातील एक 'सदरहू' मला खटकतो, रकाना सरकल्याची रुजवात मूळ तक्त्यावरून व्हावयास हवी आणि मूळ तक्ता शाळेच्या दप्तरी आहे, शिवाय पुढच्या क्रमांकाच्या मुलाचे 'स्पेस सायंटिस्ट' काढून घेण्यापूर्वी त्याच्या पालकांस नोटीस देणे न्यायाचे होईल. हे सर्व मुद्दे विचाराधीन आहेत, आणि सूनबाईने विचारले की मी तिला तसे सांगतो.